मागून पाहायची गाडी

गेल्या आठवड्यात एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर डोळ्यांना झोंबलं. पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर. कापूस वेचून झाला की कपाशीची जी वाळकी झाडं उरतात ना, त्यांचा. हा धूर आधी डोळ्यांना कळतो आणि मग नाकाला, आणि त्याच्या मागोमाग येतो वांग्यांचा करपलेला वास. देवपुरात आमच्या इमारतीच्या मागे कुणीतरी भरताची वांगी भाजायला घेतली होती. म्हणजे थंडी पडली. आता महिना-दीड महिना अख्ख्या खानदेशात कुणी कुणाला नुसतं जेवायला बोलवणार नाही, भरीत खायलाच बोलवणार.

हे म्हणाले, "चोपड्याहून फोन आला की नाही अजून?" मी म्हटलं, येईल. आणि लगेच माझ्या मनात आलं, का नाही आला अजून? कुणाला बरं नाही का? काही लपवतायत का माझ्यापासून? हे मला फौजदारीण म्हणतात ते उगाच नाही. पंचायत समितीत तीस वर्षं नोकरी केली मी. तिथे प्रत्येक कागदाचं मागचं पान आधी बघायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. दूधवाला हसला तरी मी दुधाकडे बघते.

पण संशय घेण्यात मी आमच्या घरात पहिली नव्हे. आमचे वडील, आबा, बैलांचे पारखी होते. आसपासच्या गावचे लोक बैल घ्यायचा म्हटलं की आबांना बाजारात घेऊन जायचे. आबा दात बघायचे, खूर बघायचे, सगळं बघून झालं की म्हणायचे, "आता रेतीत चालवा." बैल रेतीत चालू लागला की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत आणि आबा मागे जाऊन उभे राहत. तोंडाला तेल लावता येतं, शिंगं घासता येतात, म्हणायचे, पण मागून चाल कुणाला सजवता येत नाही. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यांच्याच तालमीत तयार झाला. फरक एवढाच की भाऊच्या हातात बैलांऐवजी गाड्या आल्या.

भाऊच्या गाडीचं नाव डोंगऱ्या. परदेशी कंपनीची मोठी, चौकोनी, उंच गाडी. केळीला एक वर्ष बरं गेलं तेव्हा सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून त्याने ती जुनीच घेतली. मागच्या दाराला जाडजूड स्टेपनी टांगलेली आणि तिच्या कव्हरवर पेंटरकडून ठळक अक्षरांत काढून घेतलेलं "आबा". दार लावलं की असा आवाज यायचा की शेजारच्या बांधावरचे बगळे उडत. चोपडा, शिरपूर, जळगाव, रावेर मिळून अशा गाड्या असलेले दहा-बाराजण होते, त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढलेला. नाव काय, तर 'चौकोनी मंडळ'. आणि त्या मंडळात शेवटचा शब्द भाऊचा. कुणाच्या गाडीचं काही कुरकुरलं तर आधी त्याचा आवाज टेप होऊन भाऊकडे यायचा आणि मग मेकॅनिककडे जायचा.

ज्या हिवाळ्याची मला त्या सकाळी धुराबरोबर आठवण झाली, तो दोन वर्षांपूर्वीचा. त्या हिवाळ्यात कंपनीने ती गाडी बदलली.

आधी चोरून काढलेले फोटो आले. अख्ख्या गाडीला काळ्या-पांढऱ्या नक्षीचे कागद चिकटवलेले, कुठल्याशा बर्फात उभी. मंडळात हलकल्लोळ. शिरपूरकडचे लोटनआप्पा, भाऊचे जुने दोस्त, त्यांनी पहिला आवाज टाकला, "जिले तोंड दाखाडानी लाज वाटस, ती गाडी आपुन काय घेवानी, भो?" मग खरे फोटो आले आणि बोलणं आणखी वाढलं. दिवे बारीक केले, म्हणजे डोळे मिटल्यासारखे. जाळी एवढी मोठी की म्हशीला वैरण टाकावी. बटणं सगळी गेली आणि त्या जागी या दारापासून त्या दारापर्यंत टीव्ही. दार लावलं की आवाजच नाही. "हाई गाडी नही, फ्रीज शे फ्रीज!" हे पण लोटनआप्पाच. मोबाईलवर गाडीची स्तुती करणारे जे व्हिडिओवाले असतात, त्यांचं तर नावच काढायची सोय नव्हती. त्यांना कंपनीने फुकटात हॉटेलात ठेवलं, जेवू घातलं, ते काय खरं बोलणार?

आणि भाऊ. भाऊचा आवाज ग्रुपवर आला तो सगळ्यांत शेवटी, शांतपणे. "तोंड बदलं, ठीक शे. पन मांगलं चाक कथं गयं?"

सगळे पुन्हा फोटो बघायला लागले. खरंच, मागच्या दारावर चाक नव्हतं. ते गाडीच्या पोटाखाली नेलेलं. म्हणजे आबांचं नाव लिहायला जागाच नाही. मंडळाने निकाल देऊन टाकला, गाडी बाद.

मला हे सगळं वहिनी फोनवर सांगायची. त्यातच एकदा बोलता बोलता म्हणाली, "आताशा गाडी पंकजच चालवतो. हे शेजारी बसतात." माझे कान उभे राहिले. पंकज भाऊचा मुलगा, माझा भाचा. डोंगऱ्याच्या स्टिअरिंगला भाऊशिवाय कुणी हात लावला तर भाऊ दोन दिवस जेवत नसे आणि आता शेजारी बसतो? चारच दिवसांनी वहिनी म्हणाली, पंकजने नव्या गाडीवाल्यांना फोन केलाय, ते शेतात गाडी घेऊन दाखवायला येणार आहेत, भरताच्याच दिवशी. झालं. माझ्या डोक्यात सगळा कागद तयार झाला. पोराला नवी गाडी पाहिजे. त्यासाठी बापाला हळूहळू स्टिअरिंगवरून उठवायचं आणि मग डोंगऱ्या विकायचा. डोंगऱ्या गेला की भाऊ बसला घरात. मंडळ गेलं, शब्द गेला, सगळंच गेलं. मी अमळनेरमार्गे एसटी पकडली, आणि बसमध्ये बसून पंकजला काय काय बोलायचं ते जुळवत चोपड्याला पोचले.

अंगणात डोंगऱ्या उभा होता. मी आधी मागून गेले. आबा होते जागेवर. मग पुढे आले तर डावीकडचा मडगार्ड आत गेलेला, चांगला हातभर.

"हे कोणी केलं?"

भाऊ खाटेवर बसून दाढी करत होता. आरशातून नजर न काढता म्हणाला, "पंकजनं. पंपघरनी भिंत ठोकी."

मी पंकजकडे बघितलं. तो चहाचा कप घेऊन आत गेला. मी त्याच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि बसमध्ये जुळवलेलं सगळं त्याला ऐकवलं. वरून दोन शब्द जास्तच. म्हटलं, तुझ्या आजोबांचं नाव आहे त्या गाडीवर. तू ती अशी ठोकून ठोकून भंगारात घालणार आणि मग म्हणणार, बघा, आता नवीच घ्यायला पाहिजे. बापाचा हात अजून चालतोय रे! पोरगं मान खाली घालून ऐकत होतं. "फुई, चहा गार व्हई राह्यना," एवढंच म्हणाला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. मला वाटलं, बघा, चोराच्या तोंडून शब्द फुटत नाही.

आज तो कप आठवला की माझा मलाच राग येतो.

मला गाडी भाऊनेच शिकवली. माझं लग्न व्हायचं होतं, भाऊकडे तेव्हा एक जुनी जीप होती, आणि उन्हाळ्यात अनेर नदीचं पात्र कोरडं पडायचं. तिथे तो मला घेऊन गेला. मी स्टिअरिंगवर बसले तर म्हणाला, "चप्पल काढ." मला वाटलं, गाडीला नमस्कार करायला सांगतोय. तो म्हणाला, "अनवाणी चालाव. गाडी काय म्हनस ते पायले समजाले पाहिजे." रेतीत चाक रुतायला लागलं की पेडलमधून एक बारीक थरथर तळव्यात येते, ती त्याने मला ओळखायला शिकवली. भाऊ स्वतः आयुष्यभर अनवाणी गाडी चालवत आला. चपला सीटखाली. मुंबईपर्यंत गेला तरी अनवाणी. पेट्रोलपंपावरची पोरं हसायची, हा ढिम्म.

भरताच्या दिवशी सकाळी आम्ही शेतात पोचलो तेव्हा बांधाच्या कडेला पऱ्हाट्या पेटवलेल्या होत्या. वहिनी आणि मी वांग्यांना तेलाचं बोट लावून निखाऱ्यावर टाकत होतो. लांबट, हिरव्या-पांढऱ्या रंगाची आमची वांगी. सालं काढायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर कुटायची, आणि वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेली फोडणी. चौकोनी मंडळाचे आठजण आले होते, बांधावर त्यांच्या आठ चौकोनी गाड्या ओळीने उभ्या, पोळ्याला बैल उभे करतात तशा. सगळ्यांच्या हातात सकाळपासूनच पुऱ्या.

अकराच्या सुमाराला ती आली. पांढरी, चकचकीत, केळीच्या बागेच्या कडेकडेने आवाज न करता. चालवत होती एक पोरगी. काळा कोट, केस वर बांधलेले, नाशिकच्या शोरूममधून आलेली. ती उतरली तेव्हा दाराखालून एक पायरी आपोआप बाहेर आली. लोटनआप्पा हातातली पुरी तशीच धरून बघत राहिले.

"हाई पायरी कोनासाठे? दवाखान्यानी गाडी शे का हाई?"

सगळे हसले. भाऊ सगळ्यांत मोठ्यांदा हसला. मला आठवतंय, कारण मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, एवढं काय हसण्यासारखं?

पोरगी मात्र पक्की होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, ही गाडी समोर काही आलं तर स्वतः ब्रेक लावते. बघायचंय?" लोटनआप्पांनी पऱ्हाट्यांचा भारा उचलून वाटेत आडवा टाकला. पोरगी गाडीत बसली, मागे गेली, वेगाने आली, आणि भाऱ्याच्या हातभर अलीकडे गाडी अशी थबकली की तिच्या केसांतली पिन निसटली. मग लोटनआप्पा म्हणाले, "परत कर." तिने परत केलं. "आते बकरी बांध." बकरी बांधायला वहिनीने नाही म्हटलं म्हणून ती वाचली.

"जी गाडी सोता ब्रेक मारस," भाऊ म्हणाला, "ती मालकले काय मानस? उद्या मालकलेच उतारी देई."

आणि नेमकं तेव्हाच पंकज बापाशी बोलला. सकाळपासून पहिल्यांदा. "दादा, एकदा चालवून तर बघा."

भाऊचा चेहरा उतरला. क्षणभरच. पण मी फौजदारीण, मला दिसला. मात्र त्याचा अर्थ मी लावला तो साफ चुकीचा. मला वाटलं, पोराने चारचौघांत बापाला कोंडीत पकडलं. मी तिथूनच ओरडले, "नसेल चालवायची त्याला! जबरदस्ती आहे का?" भाऊने माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, आभार मानतोय. मग खाकरून म्हणाला, "गाडीनी पारख मांगून करानी ऱ्हास. पंकज, तू चालाव. ओल्या सरीतून ने. मी मांगून दखस."

भाऊ मागून बघणार म्हटल्यावर मंडळाने माना डोलावल्या. हे झालं ना पारख्याचं काम! मलाही अभिमान वाटला, डोळ्यांसमोर आबा उभे राहिले. बागेला आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, माती मऊ होती. पंकजने गाडी त्या वाटेत घातली. भाऊ तिच्या मागे चालू लागला, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान एका बाजूला कलती. आठहीजण गाडीकडे बघत होते, तिची मागची चाकं कशी वळतात, पोट कुठे टेकतं. हातातली मिरची तशीच ठेवून मीही निघाले, पण मी गाडीच्या मागे नव्हते, मी भाऊच्या मागे होते.

त्याच्या उजव्या पायातली चप्पल चिखलात रुतली आणि सुटली. तो चालत राहिला. एक पाऊल. दोन. चार. सहा. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, ओल्या गार मातीत, वाटेत सांडलेल्या पऱ्हाटीच्या तुटक्या खुंटांवर. त्याला कळलंच नाही.

मी जागच्या जागी थांबले. चप्पल माझ्यासमोर चिखलात पडलेली. आयुष्यभर ज्या तळव्याने गाडीशी बोलणं केलं, त्या तळव्याला आता खुंट टोचत नव्हता. मडगार्ड, पंपघराची भिंत, पंकजची खाली घातलेली मान, गार झालेला चहा, सगळं एका दमात माझ्यासमोर आलं. पेडलवर पाय आहे की नाही, कुठल्या पेडलवर आहे, हे भाऊला कळत नव्हतं. भिंत होती म्हणून बरं. भिंतीच्या जागी कुणाचं पोर असतं तर? अख्ख्या जगावर मी संशय घेतला, त्या पोरावर घेतला, कोटवाल्या पोरीवर घेतला, एका माणसावर घ्यायचा राहून गेला.

मी चप्पल उचलली, पदराने पुसली आणि केळीच्या ओळीआडून पुढे जाऊन त्याच्या पायासमोर ठेवली. भाऊने खाली बघितलं. मग स्वतःच्या पायाकडे. तळव्यातून रक्त येत होतं. मग माझ्याकडे.

"कवापासून, भाऊ?"

"दोन पावसाळा व्हई ग्यात." साखरेमुळे आहे म्हणाला. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही बंद झाल्या. "पाय शे का नही, ते दखीसनच समजस." पुढे गाडी वळत होती, मंडळाचा आरडाओरडा चालू होता. तो हळूच म्हणाला, "शोभे, कोनले सांगू नको."

माझा थोरला भाऊ. ज्याच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही, तो मला असं म्हणाला. मला रडू कोसळलं आणि रागही आला. मी म्हटलं, "सांगणार नाही. पण किल्ली दे."

त्याने पुढे वळणाऱ्या गाडीकडे एकदा बघितलं. मग खिशात हात घातला.

संध्याकाळी डोंगऱ्या मी चालवत घरी आणला. निघताना लोटनआप्पा ओरडले, "काय भो, आज बहीनले ड्रायव्हर ठेवं का?" भाऊ शेजारच्या सीटवरून म्हणाला, "तिना हात पारखी राह्यनू." आणि घरी पोचेपर्यंत पूर्ण वाट मला शिव्या घालत आला. गिअर उशिरा टाकते, खड्डा बघत नाही. मी अनवाणी होते. तळव्यात डोंगऱ्याची थरथर येत होती, आणि ती त्याला येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रात्री पंकजला म्हटलं, मला कळलं. तो म्हणाला, "फुई, ती गाडी स्वतः थांबते ना, म्हणून बोलावली होती. दादांना चालवायला मिळावं म्हणून." भिंत भाऊने ठोकली होती आणि याने अंगावर घेतली होती. मी त्याची माफी मागितली. त्याने तेव्हाही चहाच पुढे केला. पण गाडी थांबेल रे बाबा, पाय कुणी थांबवायचा? पुढच्या आठवड्यात जळगावला डॉक्टरांनी भाऊच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला, डोळे मिटायला लावून. भाऊ विचारत राहिला, "सुरू केलं का?" डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साखर घराण्यात असते. तुम्हीही तपासून घ्या."

दोन हिवाळे झाले. लोटनआप्पांनी तो फ्रीज घेतला, मंडळात सगळ्यांच्या आधी. आता पायरीवर पाय ठेवून उतरतात आणि म्हणतात, मी पहिल्यापासून सांगत होतो. मला वाटतं, त्यांच्याही गुडघ्यांची काहीतरी भानगड असणार. डोंगऱ्या भाऊने माझ्या दारात आणून उभा करायला लावला. आबांच्या नावासकट. देवपुरात लोक वळून बघतात, एवढी मोठी गाडी आणि तीत पांढऱ्या केसांची बाई. आणि गेल्या वर्षी माझीही साखर निघाली.

त्या धुरानंतर दोन दिवसांनी चोपड्याहून फोन आला एकदाचा, आणि रविवारी मी डोंगऱ्या घेऊन गेले. बांधावर गाडी लावली, सीटखालून चपला काढून घातल्या. भाऊ लिंबाखाली खाटेवर बसला होता, पायात डॉक्टरांनी दिलेले जाड बूट. मी म्हटलं, वहिनीला हात लावते, आणि धुराच्या दिशेने निघाले. बागेला पाणी दिलेलं होतं. माती मऊ होती.

"शोभे."

मी थबकले. पहिलं काय केलं असेल तर खाली बघितलं. चपला होत्या. दोन्ही.

"काय रे भाऊ?"

"काही नही. थांबू नको, चालत ऱ्हाय," भाऊ म्हणाला. "मी मांगून दखी राह्यनू."